बोलका खांब

तोंडात कापसाचे बोळे, जबडा सताड उघडा, डोळ्यांवर दिव्याचा झोत. अशा वेळी माणसाने गप्प पडून राहावं, एवढीच जगाची अपेक्षा असते. पण सुतळीला नेमका तेव्हाच आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पडला.

सुतळी दहावीतली. ताडमाड उंच, अंगावर मांस नावाला, म्हणून मोठ्या भावाने ठेवलेलं हे नाव घरातून निघून शाळेपर्यंत कधी पोचलं ते कुणाला कळलंच नाही. "नाव सुतळी बॉम्बचं, पण वात पेटतच नाही," असं भाऊ चिडवायचा, कारण चार माणसांत ती तोंड उघडत नसे. अलीकडे मात्र वात जरा सुरसुरायला लागली होती. वर्गात हात वर जायला लागला होता. दुकानदाराला "हे नको, ते दाखवा" म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. एकदा तर रांगेत मध्येच घुसलेल्या एका गृहस्थांना तिने "काका, शेपूट तिकडे आहे" असं ठणकावलं होतं. लगेच स्वतःच घाबरून रांग सोडून पळाली होती ही गोष्ट वेगळी, पण ठणकावलं होतं!

तर त्या दिवशी एका किडक्या दाढेपायी ती दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवी पडली होती. डॉक्टर वाकले आणि त्यांची टोपी तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर आली. निळी टोपी, क्रोशाने विणलेली. गोल विणकामात एक ओळ संपून दुसरी सुरू होते तिथे सांधा दिसतोच. कितीही लपवा, जिन्यासारखा तिरका चढत जातो. सुतळीने डावा डोळा ताणून पाहिलं, उजवा ताणून पाहिलं. सांधा नाही!

"आंआ उए आए?" ती ओरडली.

दातांच्या डॉक्टरांना व्यंजनांशिवायची भाषा येते, रोज तीच ऐकतात बिचारे. "सांधा कुठे आहे?" त्यांनी सवयीने अर्थ लावला, आणि मग आपल्याला काय विचारलं गेलंय ते त्यांच्या लक्षात आलं. हातातलं यंत्र त्यांनी बंद केलं. "सांधा? टोपीचा? तू विणतेस?"

"ओ!" सुतळी म्हणाली. हे कुणालाही कळलं असतं.

आता, एवढ्याशा सांध्यासाठी माणूस दाढदुखी विसरतो का? विसरतो. सुतळीचं दुखणं दाढेहून जुनं होतं. लहानपणापासून ती विणत आली होती, आणि तिने काहीही दाखवलं की आई म्हणायची "छान", बाबा म्हणायचे "छानच", आणि भाऊ विचारायचा, "कशाचं झाकण आहे हे?" शाळेत तर तिने कधी दाखवलंच नाही, आजीबाई म्हणतील म्हणून. शिवाय घरचे सगळे सुलट बाजू बघायचे. ज्याला खरंच कळतं तो विणकाम हातात घेतल्याबरोबर आधी पालथं करतो. दोऱ्याची टोकं कुठे दडवलीत, गाठी किती मारल्यात, हे उलट बाजूच सांगते. आपलं काम कुणीतरी पालथं करावं, भुवया चढवाव्यात आणि विचारावं, "हे कसं केलंस गं?" बास, एवढंच सुतळीला हवं होतं. पुढच्या जन्मी नको, याच जन्मी. शक्यतो याच महिन्यात.

बोळे निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा बाहेरच्या खोलीत एक मंडळ बसतं. गुंता मंडळ. सगळे क्रोशावाले. एक खुर्ची रिकामी आहे."

"मी येऊ?" सुतळीचा अर्धा ओठ बधिर होता, तरी शब्द स्पष्ट आले.

"ये ना. पण फी आहे. पैसे नाहीत गं, घाबरू नकोस. आमच्यापैकी एकालाही येत नाही असं काहीतरी आम्हाला शिकवायचं. टाका, युक्ती, काहीही चालेल. पसंत पडलं की नाही ते हेडसिस्टर ठरवतात."

"आणि नाही पडलं तर?"

"तर पुढच्या वर्षी. हेडसिस्टरांपुढे वशिला चालत नाही. जागा माझी, वीज माझी, चहा माझा, तरी त्यांनी मला दोनदा परत पाठवलं होतं. माझ्याच दवाखान्यातून!"

पुढच्या वर्षी! सुतळीला तर याच महिन्यात हवं होतं. पण घरी जाईपर्यंत तिने ठरवलं: मणी! विणता विणता फुलाच्या पाकळीत मणी बसवायचे, सुईदोऱ्याने मागून शिवायचे नाहीत. त्याची युक्ती अशी की मणी आधीच दोऱ्यात ओवून ठेवायचे, तेही उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटी लागणारा मणी सगळ्यात आधी. ही युक्ती तिने स्वतः डोकं खाजवून शोधली होती. जगात दुसऱ्या कुणाला हे सुचलं असणं शक्यच नव्हतं. आठवडाभर ती हवेत तरंगत होती. भूगोलाच्या तासाला बाईंनी काहीतरी विचारलं तर तिने "लाल, मग पांढरा" असं उत्तर दिलं.

रविवारी दवाखान्याचं दार ढकललं तर आतून हसण्याचा आवाज आणि लवंगेच्या तेलाचा वास एकदमच आला. बाकड्यासारख्या एका दांडीला जोडलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर घासा-चुळा भरा सांगणारी चित्रं, आणि काचेच्या कपाटात एक भलीमोठी दाढ. शिकवण्यासाठी असते ना, प्लॅस्टिकची, तसली. त्या दाढेला कुणीतरी मफलर घातला होता.

"तो माझा," मिशीवाले एक काका अभिमानाने म्हणाले. ते शहर बसचे ड्रायव्हर. विणायचे ते फक्त मफलर. "सरळ जायचं, शेवटच्या स्टॉपला वळायचं, परत सरळ यायचं. आपल्याला गोल-बिल जमत नाही बाबा. आठ तास गोलच फिरत असतो."

त्यांच्या पलीकडे नणंद-भावजय. दोघींचं मिळून केस कापायचं दुकान होतं, घर एक होतं, लोकरीची पिशवीही एकच होती, आणि भांडणाला तेवढं पुरेसं होतं.

"वन्सं, माझी पाचाची सुई तुमच्या अंबाड्यात आहे," भावजय म्हणाली.

"असू दे वहिनी, तिथे तरी काहीतरी धरून ठेवतेय. तुझ्या हातात नुसतीच फिरते," नणंद म्हणाली आणि सुई काढून दिली.

आणि दिव्याखालच्या खुर्चीत हेडसिस्टर. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण पाठीचा कणा अजून ड्युटीवर होता. पांढरी साडी, चष्म्याला साखळी, मांडीवर हिरवा दोरा.

"ही ती सांधावाली?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं आणि सुतळीकडे वळल्या. "हे बघ, मी जन्मभर लोकांचे टाके काढले. मंत्र्याचे काढले, चोराचे काढले. कुणाची गय केली नाही, तुझीही होणार नाही. काय आणलंयस?"

सुतळीने फूल पुढे केलं. युक्ती सांगायला तोंड उघडलं. पण ती "मणी आधीच" एवढंच म्हणाली असेल नसेल, तोवर भावजयीने पिशवीतून एक बटवा काढला. अख्खा मण्यांचा, त्यावर मण्यांचाच मोर.

"उलट्या क्रमाने ओवायचे," नणंद प्रेमाने म्हणाली. "हो ना? शेपटीपासून सुरुवात. हिला मीच शिकवलं."

"कुणी कुणाला शिकवलं ते नंतर बघू, वन्सं."

डॉक्टरांनी खिशातून किल्ल्या काढल्या, त्यांना मण्यांचं छोटं अस्वल. अस्वलाला दातसुद्धा होते, पांढऱ्या मण्यांचे. ड्रायव्हरकाकांनी काहीच काढलं नाही, पण त्यांनी अशी काही सहानुभूतीने मान हलवली की सुतळीला तेच जास्त लागलं. स्वतःला शहाणं समजून आपण आठवडाभर चाकाचा शोध लावत बसलो होतो, आणि इथे सगळे गाडीतून आले होते!

"म्हणजे फी नाही," हेडसिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तोच तर त्रास. "पण आलीच आहेस तर आजचा दिवस बस. ते स्टूल घे. खुर्चीत नको."

रिकामी खुर्ची तिथेच होती. निळी, हात टेकवायला जागा असलेली. सुतळी तिच्या शेजारी स्टुलावर बसली, म्हणजे भरल्या ताटाशेजारी उपाशी बसवावं तसं. तिने पिशवीतून आपली सुई आणि दोरा काढला. निदान कसे विणतात ते तरी बघू. पुढच्या वर्षीपर्यंत तेवढंच पुरवायचं होतं.

मंडळाची पद्धत अशी: हेडसिस्टर टाके तोंडाने सांगायच्या आणि सगळे एकदम विणायचे, एकेक चौकोन. सगळ्यांचे चौकोन जोडून दवाखान्याच्या बाकड्यासाठी पांघरूण करायचं ठरलं होतं, कारण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर थंडीत बसलं की पेशंट दाढ दाखवण्याआधीच दात वाजवतात.

"साखळ्या झाल्या? वळा. खांब. खांब. मुका खांब. खांब. खांब. मुका खांब."

हा तर सुतळीच्या हातचा मळ! साखळी म्हणजे पाया, खांब म्हणजे त्यावर उभा राहणारा उंच टाका, मुका खांब म्हणजे मुका खांब. हे सगळं तिला मावशीने शिकवलं होतं, तेही फोनवरून. मावशी राहायची लांबच्या गावी आणि छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधून खायची, असं बाबा म्हणायचे. त्या काळी घरात साधा फोन होता, चित्र-बित्र नाही, नुसता आवाज. मावशी तिकडून सांगायची, सुतळी इकडे फोन कानाशी दाबून विणायची. त्यामुळे कानांनी विणायची तिला सवयच होती. हेडसिस्टरांच्या तालावर सुई अशी काही पळायला लागली की ड्रायव्हरकाका म्हणाले, "अगं, ब्रेक लाव. मी अजून डेपोतच आहे."

सुतळी हसली. पहिल्यांदाच.

चौकोन पुरे झाल्यावर सगळ्यांनी ते मधल्या टेबलावर ठेवले. पालथे! सुतळी स्टुलावरून अर्धी उठली. न सांगता, न ठरवता प्रत्येकाने आपला चौकोन पालथा ठेवला होता. हीच ती माणसं. आणि हीच माणसं आपल्याला पुढच्या वर्षी भेटणार.

हेडसिस्टर एकेक उचलत गेल्या. "डॉक्टर, टोक बाहेर आलंय, दडवा. वहिनी, ठीक. ड्रायव्हर, हा चौकोन आहे की गल्ली?" मग त्यांच्या हातात एक चौकोन आला आणि त्या थांबल्या. चष्मा वर केला. खाली केला. चौकोन दिव्याखाली धरला.

बाकीच्यांच्या चौकोनांत लाटा होत्या. दोन उंच टाके, मग एक बुटका, परत दोन उंच, परत बुटका. या चौकोनात बुटकं कुणीच नव्हतं. सगळे टाके उंच, आणि दर ठरावीक अंतराने दोन टाके मध्यावर एकमेकांना चिकटलेले, वर एक इवलीशी खिडकी, खाली एक इवलीशी खिडकी. जत्रेत हरवलेली माणसं भेटल्यासारखे ते एकमेकांच्या गळ्यात पडले होते.

"हा कुणाचा?"

"माझा," सुतळी म्हणाली.

"हे काय आहे?"

"मुका खांब."

"हा मुका खांब नाही."

"आहे ना," सुतळी म्हणाली. "हा बघा. हा खांब याचा… म्हणजे शेजारच्याचा… गालाला गाल लावून…" तिचा आवाज बारीक होत गेला. "मुका. घेणारा. खांब."

भावजयीच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला, आणि बांध फुटला. ड्रायव्हरकाका मांडीवर थापा मारायला लागले. डॉक्टरांनी टोपी काढून तोंडावर धरली.

"अगं बाई माझे!" नणंद डोळे पुसत म्हणाली. "मुका म्हणजे न बोलणारा! तोंडातून शब्द न काढणारा! बुटका असतो, कोपऱ्यात गप्प बसतो, म्हणून मुका!"

"आणि ही इतकी वर्षं मुके घेत बसली!" भावजय म्हणाली.

"मी नाही!" सुतळी कळवळून म्हणाली. "खांब!"

"वहिनी, हा टाका आधी माझ्या भावाला शिकव गं," नणंद म्हणाली.

"वन्सं! लेकरू बसलंय समोर!" भावजय ओरडली आणि लाल झाली.

सुतळीचे कान इतके तापले की त्यांवर इस्त्री करता आली असती. तिने मावशीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"मावशी, मुका खांब म्हणजे काय?"

"म्हणजे बिनबोलता, बुटका. का गं?"

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? मुका म्हणजे मुका!" मग हळूच, "अगो, म्हणजे तुझ्या त्या रुमालावरच्या चिकटलेल्या जोड्या… ते मुके होते?"

"तू पाहिल्या होत्यास?"

"पाहिल्या की! मला वाटलं कुठल्यातरी पुस्तकातून शिकलीस. म्हटलं, पोरगी आपल्या पुढे गेली, आता कशाला विचारून आपलं अज्ञान उघडं पाडा." आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओतणारी मावशी फोनवर अशी खिदळायला लागली की टेबलावरचा फोन थरथरत कडेला सरकला.

हसणं ओसरलं. हेडसिस्टर मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी चौकोन सुतळीच्या हातात दिला.

"उसव."

"अं?"

"चुकलं की उसवायचं. इथे सगळे उसवतात. डॉक्टरांनी अख्खं हत्तीचं पिल्लू उसवलंय. उसव आणि नीट विण, खरा मुका खांब तुला आत्ता दाखवते. शहाणी आहेस, लगेच येईल."

सुतळीने दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. टक्, टक्, टक्. एक जोडी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या जोडीशी दोरा जरा अडला, कारण ते दोघे एकमेकांना सोडायला तयार नव्हते. सुतळीने टेबलाकडे पाहिलं. पालथे चौकोन, सगळे लाटांचे. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यात वीज चमकली, आणि ती इतकी सरळ गोष्ट होती की आधी का सुचली नाही याचंच तिला नवल वाटलं.

"नाही उसवणार," ती म्हणाली.

नणंदेच्या हातातला चहाचा कप वाटेतच थांबला. हेडसिस्टरांना या खोलीत कुणी 'नाही' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काय म्हणालीस?"

सुतळी उभी राहिली. चौकोन तिने सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "सिस्टर, हा टाका तुम्हाला येतो?"

"चुकलेला टाका मला कशाला यायला हवा?"

"वहिनी, तुम्हाला? काका? डॉक्टर, तुम्हाला?" कुणी हो म्हणेना. "कुणालाच येत नाही. मग ही माझी फी. मण्यांची नको. ही."

"ए, बरोबर आहे की!" ड्रायव्हरकाका म्हणाले.

"बरोबर काय, चूक ही काय फी असते?" हेडसिस्टर म्हणाल्या.

"चूक एकदा होते, सिस्टर. फार तर दोनदा. मी लहानपणापासून हेच करतेय आणि दर वेळी तसंच्या तसं येतंय. माझ्या हातांना हा टाकाच आहे. त्याचं नाव चुकलंय फक्त."

हेडसिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. इस्पितळात 'इंजेक्शन नको' म्हणणाऱ्या पेशंटकडे जसं बघत असतील तसंच. मग त्यांनी आपली सुई उचलली. "शिकव. इथल्या प्रत्येकाला आला पाहिजे. आणि मग मी तो ओढून बघणार. सुटला, तर पुढच्या वर्षी."

झालं! सुतळी आयुष्यात पहिल्यांदा खोलीच्या मधोमध उभी राहून मोठी माणसं शिकवायला लागली. एक खांब नेहमीसारखा उभा करा. दुसरा सुरू करा, पण पुरा करू नका. अर्ध्यावर थांबा. आता सुई शेजारच्याच्या गालात घाला, तिथून दोरा ओढून आणा, आणि मग दुसरा पुरा करा. "गाल कुठे असतो?" डॉक्टरांनी विचारलं. "डॉक्टर, दातांच्या बाहेर!" भावजय म्हणाली.

गंमत अशी झाली की जितका हात सराईत तितका तो अडायला लागला. बोटं आपली सवयीने धावायची आणि खांब पुरा करून मोकळी व्हायची. सगळ्यांत आधी जमलं ते ड्रायव्हरकाकांना. "अहो, सोपंय! गाडी मागे घ्यायची, शेजारच्या गाडीला चिकटवायची आणि मग हँडब्रेक. मी रोज डेपोत तेच करतो." नणंदेला जमलं, म्हणून चुरशीने भावजयीला जमलं. डॉक्टरांना जमलं तेव्हा त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या उडी मारली.

राहिल्या हेडसिस्टर. त्यांचा खांब दर वेळी गालापर्यंत पोचायच्या आत पुरा होत होता. ताठ, सुरेख, एकटा.

सुतळी त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली. "सिस्टर, घाई होतेय."

हेडसिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"माझी? घाई?"

"हो. तो अजून अर्धाच आहे, त्याला काहीतरी सांगायचंय शेजारच्याला, आणि तुम्ही त्याचं तोंड बंद करताय. थांबा… थांबा… आता बघा त्याच्याकडे. आता घाला सुई."

हेडसिस्टर थांबल्या. सुई अधांतरी. मग हळूच ती शेजारच्या खांबात गेली, हिरवा दोरा घेऊन परत आली, आणि दोन टाके एकमेकांना टेकले. वर एक खिडकी, खाली एक खिडकी. हेडसिस्टर त्या खिडकीतून पलीकडचा दिवा बघत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. नुसतं "हां". पण लगेच दुसरी जोडी घातली. मग तिसरी, आणि तिसरी घालताना त्यांची जीभ लहान मुलीसारखी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती.

मग ओढणं. त्यांनी चौकोन उभा ताणला, आडवा ताणला, तिरका ताणला. चिमटीत धरून झटका दिला. सुतळीला वाटलं कुणीतरी आपलीच हाडं मोजतंय. पण जोड्या हलल्या नाहीत. उलट ताणल्यावर जास्तच बिलगल्या. शेवटी हेडसिस्टरांनी चौकोन पालथा केला, बोटाने चाचपला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा पालथा. आणि त्यांच्या भुवया, त्या इस्पितळातल्या कडक भुवया, सावकाश वर चढल्या.

"दोन्हीकडून सारखाच दिसतो. कोपऱ्यावर कसा वळवतेस गं हा?"

सुतळीला उत्तर येत होतं. तिने कोपरा, कड, गोल, रुमाल, पिशवी, सगळं एका दमात सांगून टाकलं. हेडसिस्टरांनी दोनदा अडवून विचारलं, एकदा "हे पुन्हा दाखव" म्हटलं, आणि नणंद-भावजय एकाच सुईसाठी भांडत एकदमच ते करून बघायला लागल्या.

"पण याला नाव?" डॉक्टरांनी विचारलं. "मुका खांब म्हटलं तर सगळ्यांचा गोंधळ होणार."

"गळामिठी," भावजय म्हणाली.

"डबल पार्किंग," ड्रायव्हरकाका म्हणाले.

हेडसिस्टर विणत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बोलका खांब. याचं तोंड बंद करायचं नसतं. आत्ताच नाही का शिकलो आपण?"

"म्हणजे फी मान्य?" डॉक्टरांनी विचारलं.

हेडसिस्टरांनी जमिनीकडे पाहिलं. खाली दोऱ्यांच्या कातरणांचा रंगीबेरंगी सडा पडला होता. "ड्रायव्हर, झाडू कुठाय?"

ड्रायव्हरकाका ताडकन उठले. दारामागून झाडू काढून त्यांनी तो दोन्ही हातांनी, मानाची तलवार द्यावी तसा, सुतळीपुढे धरला. त्यांच्या मिशा आनंदाने थरथरत होत्या. "मंडळात जो सगळ्यात नवा, त्याने झाडायचं. घे गं माझी बाई, घे. सुटलो एकदाचा!"

सुतळीने आपली सुई आणि दोरा निळ्या खुर्चीत ठेवला, जागा धरल्यासारखा, आणि झाडू घेतला. घरी आई झाडू दाखवते तेव्हा हीच मुलगी अभ्यासाचं पुस्तक डोक्यावर घेऊन गच्चीवर पळते. इथे ती कोपरान् कोपरा झाडायला लागली. लाल तुकडे, हिरवे तुकडे, काकांच्या मफलरचे करडे तुकडे. ड्रायव्हरकाका पाय वर घेऊन राजासारखे बसले होते आणि "तिकडे राहिलं, तिकडे राहिलं" करत होते. सुतळी त्यांच्या खुर्चीखालून झाडू फिरवताना तोंडाने अशी खणखणीत शीळ घालत होती की रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाला दवाखाना उघडा आहे असं वाटलं. गालाला रुमाल बांधलेल्या त्या माणसाने दारातून डोकं आत घातलं.

"दाढ बघतात का आज?"

"फार ठणकतेय का?" डॉक्टरांनी विणता विणता विचारलं.

"नाही, तशी सहन होतेय."

"मग उद्या सकाळी या हं, काका," सुतळीने झाडू खांद्याला टेकवून सांगितलं. "आज आमचं मंडळ असतं."